रिलीफ कॅम्पात पाण्याचं काम अंगावर आलं तर: नवीन वॉलंटियरसाठी

जून-जुलै आला की दिवा, मुंब्रा, कळवा, नाहीतर खाडीपलीकडे पनवेलच्या बाजूला कुठेतरी घरात पाणी शिरतं, किंवा पालिका एखादी धोकादायक बिल्डिंग रिकामी करते, आणि मग जवळच्या पालिका शाळेत रातोरात पाच-सहाशे माणसं येऊन पडतात. मदतीला आलेल्या पोरापोरींना सगळ्यांना जेवण वाटायचं असतं, ब्लँकेट द्यायची असतात, फोटोही तिथेच निघतात. पाण्याचं काय विचारलं तर "टँकर सांगितलाय ना" एवढ्यावर विषय संपतो. हा लेख टँकर आल्यानंतरच्या कामाबद्दल आहे. यातले बरेचसे आकडे निर्वासित छावण्यांसाठी ठरलेले आहेत, जिथे एकेका ठिकाणी लाखांनी माणसं असतात, पण शाळेतल्या सहाशे माणसांनाही तेच लागू पडतात. उद्या तुमच्यापैकी कोणी एखाद्या संस्थेबरोबर खऱ्या छावणीवर गेलं तर तिथे टाक्या मोठ्या असतील, काम हेच असेल.

एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की करा. टँकरमधलं पाणी चांगलं असून भागत नाही, माणसाने तोंडाला लावलेल्या पेल्यातलं पाणी चांगलं पाहिजे. या दोघांच्या मध्ये टँकरचा पाइप, टाकी, नळ, हंडा आणि एक हात एवढं सगळं येतं आणि पाणी बिघडतं ते बहुतेक वेळा इथेच कुठेतरी.

हे किती गंभीर होऊ शकतं ते सांगतो. १९९४ च्या जुलैमध्ये रवांडातून पळालेले लाखो लोक काँगोमधल्या गोमा शहराजवळ येऊन थांबले. शेजारी किवूसारखा प्रचंड तलाव, म्हणजे पाण्याची कमी नव्हती, पण शुद्ध करून पोचवायची सोय उभी राहीपर्यंत लोक तेच तलावाचं पाणी प्यायले. पहिल्या महिन्यात साधारण पन्नास हजार माणसं गेली, त्यातली बहुतेक कॉलरा आणि जुलाबाने.

आधी डोकी मोजा

पाण्याचं गणित माणसांपासून सुरू होतं, त्यामुळे पहिल्या तासात रजिस्टरवरचा आकडा घ्या आणि त्यावर विश्वास न ठेवता वर्गावर्गात जाऊन मोजा, कारण दिवसा कामावर गेलेली माणसं संध्याकाळी परत येतात आणि नातेवाईकही येऊन राहतात. मदतकार्यासाठी ठरलेल्या आंतरराष्ट्रीय स्फिअर मानकांप्रमाणे माणशी दिवसाला किमान १५ लिटर धरायचं, त्यात पिणं, स्वयंपाक, हातपाय धुणं, थोडीफार आंघोळ आली. अगदी पहिले एक-दोन दिवस साडेसात लिटरवर ओढून नेता येतं, त्याखाली नको. संयुक्त राष्ट्रांची निर्वासितांसाठीची संस्था आणीबाणी सरल्यावर २० लिटरचं टार्गेट ठेवते. नुसतं प्यायला आणि जेवणातून मिळून अडीच-तीन लिटर पुरतं, पण फक्त तेवढंच दिलं की लोक हात धुणं बंद करतात, मग जुलाब सुरू. थोडंसं एकदम फिल्टरवालं पाणी देण्यापेक्षा भरपूर आणि बऱ्यापैकी सुरक्षित पाणी कधीही चांगलं.

६०० माणसं धरली तर ९,००० लिटर, म्हणजे दहा हजारी टँकर रोज एक. यात शाळेच्या संडासाचं पाणी धरलेलं नाही हं! फ्लश ओढायचा किंवा डबा-बादली घेऊन जायचं तर ते वेगळं पाणी लागतं, ते बोअरचं चालेल, पण त्याची टाकी वेगळी, तिच्यावर लाल रंगाने "पिऊ नका" असं मोठ्या अक्षरात लिहा आणि शाळेत इतर भाषेतली माणसं असतील तर हिंदी-उर्दूतही लिहा, बाजूला पेल्यावर फुली मारलेलं चित्रही काढा कारण लहान पोरं वाचत बसत नाहीत.

मग येतात बाटल्या. लोक प्रेमाने बिसलेरीचे बॉक्स आणून देतात, पहिल्या रात्रीपुरतं ते बेस्ट. पण तीन लिटरने धरलं तर सहाशे माणसांना रोज लिटरच्या १,८०० बाटल्या, आणि तिसऱ्या दिवशी त्याच बाटल्या शाळेच्या गटारात अडकून पाणी तुंबवतात. कोणी आरओ मशीन देतो म्हणालं तर नम्रपणे नाही म्हणा, घरगुती मशीन एवढ्या माणसांना पुरत नाही, त्यात बरंच पाणी वाया जातं आणि पुढे ते पाणी ज्या हंड्यात जाणार तिथे क्लोरीनशिवाय त्याला काही संरक्षण उरत नाही.

पाणी येतंय कुठून ते विचारा

टँकरवाल्या दादांना पहिला प्रश्न, "दादा, भरला कुठे?" पालिकेच्या भरणा केंद्रावरचा असेल तर पाणी शुद्ध केलेलं असतं आणि त्यात थोडं क्लोरीनही असतं, नवी मुंबईत मोरबे धरणाचं पाणी भोकरपाड्याला शुद्ध होऊन येतं ते या प्रकारातलं. खाजगी टँकर मात्र विहिरीवर किंवा बोअरवर भरलेला असू शकतो, बांधकामाला पाणी देणारा टँकरच कधी कधी धुवून पाठवतात, आणि अंगावर पिण्याचे पाणी असं रंगवलेलं असणं हा काही पुरावा नाही. झाकण उघडून आत टॉर्च मारा. तळाला गाळ, डिझेलचा किंवा रसायनाचा वास, काहीही असलं तरी परत पाठवा, तिथे भिडस्तपणा नको. पाइप चिखलात पडलेला असेल तर टाकीत घालण्याआधी त्याचं तोंड धुवून घ्यायला लावा, दादा कुरकुरतील पण करतील.

शाळेची अंडरग्राउंड टाकी हा आपल्याकडचा मोठा धोका. पुराचं पाणी आवारात आलं असेल तर ते टाकीत गेलंच असं समजा, तिच्या शेजारी सेप्टिक टँक असतो बहुतेक, तेव्हा ती टाकी पूर्ण उपसून, घासून, क्लोरीनने धुवेपर्यंत बंद. पंपाचं बटणच टेप लावून बंद करा नाहीतर शाळेचे शिपाई काका सवयीने सकाळी पंप चालू करतील. बांगलादेशातल्या कॉक्स बाजारच्या रोहिंग्या छावण्यांमध्ये २०१७ मध्ये हेच मोठ्या प्रमाणावर झालं, काही आठवड्यांत लाखो माणसं टेकड्यांवर आली, घाईत उथळ बोअर आणि संडास एकमेकांना चिकटून खोदले गेले आणि बोअरचं पाणी दूषित निघायला लागलं. खड्ड्याचा संडास आणि पाण्याचा स्रोत यात किमान ३० मीटर अंतर ठेवायचं असतं.

अजून एक, कळवा-मुंब्रा-दिव्याकडे बरंच पाणी एमआयडीसीचं येतं आणि त्यांचा शटडाऊन असला की दिवसभर टँकरही मिळत नाही, म्हणून एक दिवसाचा साठा कायम हातात ठेवा आणि शटडाऊनची नोटीस आदल्या दिवशी वॉर्ड ऑफिसला विचारून घ्या.

टाकी आणि नळ

काळ्या प्लास्टिकच्या टाक्या भाड्याने मिळतात. पण वजन बघा, २,००० लिटर म्हणजे दोन टन, ती बाकांवर किंवा जुन्या शाळेच्या गॅलरीत ठेवायची नाही. पक्का ओटा किंवा विटांचा भरीव चौथरा बघा, नळाखाली हंडा मावेल एवढी उंची पुरे.

टाकी आधी ब्रशने घासून धुवा, मग भरून दर हजार लिटरला १५० ग्रॅम टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर घाला आणि २४ तास तशीच ठेवा. ते पाणी प्यायचं नाही, सोडून द्यायचं. आजच्या आज पाणी द्यायचंय तर नवी टाकी मागवा, जुनी दुसऱ्या दिवशी लाइनीत घ्या.

नळाचं गणित लोक विसरतात म्हणून इथे जरा थांबतो. स्फिअर म्हणतं एका नळाला जास्तीत जास्त २५० माणसं, आणि नळातून मिनिटाला साडेसात लिटर यावं. सहाशे माणसांना तीन नळ झाले की कागदावर काम झालं. आता मोजून बघा, तीन नळ मिळून मिनिटाला साडेबावीस लिटर, ९,००० लिटर वाटायला ४०० मिनिटं, म्हणजे पावणेसात तास सलग नळ चालू. प्रत्यक्षात सगळे सकाळी सात ते नऊ येतात. तिथेच भांडणं होतात, आणि रांगेला कंटाळून बायका मुलांना घेऊन बाहेरच्या कुठल्यातरी बोअरवर जातात. सहा नळ लावा, वेळ निम्मा होतो. रांग अर्ध्या तासाच्या वर जाऊ देऊ नका आणि कोणालाही अर्ध्या किलोमीटरपेक्षा लांब चालायला लावू नका, शाळेत अंतराचा प्रश्न नसतो पण म्हाताऱ्या आजींना दुसऱ्या मजल्यावर हंडा चढवायला कोणी आहे का ते बघा. नळ कुठे लावायचा ते तिथल्या बायकांना विचारून ठरवा. रात्री उजेड पाहिजे, पुरुषांच्या संडासाच्या वाटेवर नको. सांडलेलं पाणी पाइपने गटारात सोडा नाहीतर दोन दिवसांत चिखल आणि आठवड्यात डासांच्या अळ्या.

क्लोरीन, म्हणजे खरं काम

गावाकडे ग्रामपंचायतीत टीसीएल पावडर म्हणतात ती हीच ब्लीचिंग पावडर. ताज्या पावडरीत साधारण ३३ टक्के क्लोरीन असतं, उघडी राहिली, ओल लागली की ते उडून जातं, आणि आपल्या पावसाळी हवेत फार लवकर. म्हणून पिशवी घट्ट बांधून प्लास्टिकच्या डब्यात, कोरड्या खोलीत, मुलांपासून लांब. मास्क, हातमोजे घालून मोकळ्या हवेत काम करा, आणि संडास साफ करायचं अ‍ॅसिड तिच्या आसपासही ठेवू नका, दोन्ही एकत्र आले की विषारी वायू सुटतो, हे मी प्रत्येक नवीन मुलाला दोनदा सांगतो.

ढोबळ माप: हजार लिटरला ५ ग्रॅम, दहा हजारी टँकरला ५० ग्रॅम. चमच्याने अंदाज नको, किराणा दुकानातला छोटा काटा आणा. पावडर थेट टाकीत ओतायची नाही. बादलीत थोड्या पाण्यात पेस्ट करा, मग पाणी वाढवा, ढवळा, चुना खाली बसू द्या, आणि वरचं निवळ पाणी तेवढं टाकीत घाला, टाकी भरत असतानाच म्हणजे आपोआप मिसळतं. नंतर अर्धा तास नळ बंद. या अर्ध्या तासासाठी लोक तुमच्यावर ओरडतील, ओरडू द्या, पण टँकर यायची वेळ गर्दीच्या आधी दोन तास ठेवली तर ही वेळच येत नाही.

पालिकेचं शुद्ध पाणी असेल तर आधी त्यातलं क्लोरीन मोजा आणि कमी असेल तेवढंच वाढवा. विहिरीचं, बोअरचं असेल तर डोस किती ते असं काढायचं. एक लिटर पाण्यात ३० ग्रॅम पावडर, हे झालं १ टक्क्याचं द्रावण. २० लिटरच्या चार बादल्या तेच पाणी भरून ठेवा, मेडिकलमधून बिनसुईची सिरिंज आणा, पहिल्या बादलीत १ मिली, दुसरीत २, तिसरीत ३, चौथीत ४. ढवळून अर्धा तास झाकून ठेवा आणि प्रत्येकीतलं उरलेलं क्लोरीन मोजा. जिच्यात लिटरमागे अर्धा मिलिग्रॅमच्या आसपास उरलंय ती बादली तुमची. समजा तिसरी निघाली, तर वीस लिटरला ३ मिली, दहा हजार लिटरला त्याच्या पाचशे पट म्हणजे दीड लिटर द्रावण. पावडर जुनी असली तरी या पद्धतीत फसायला होत नाही कारण तुम्ही पिशवीवरचा आकडा न मानता प्रत्यक्ष पाणीच बघताय. मात्र टाकीसाठी द्रावण त्याच पिशवीतलं, त्याच मापाने केलेलं हवं.

गढूळ पाण्यात क्लोरीन वाया जातं, गाळच ते खाऊन टाकतो. आधी तुरटी फिरवा, गाळ बसू द्या, वरचं पाणी दुसऱ्या भांड्यात घ्या, मग क्लोरीन. घरगुती पातळीवर सुती साडी चार घड्या करून गाळलं तरी फरक पडतो, बांगलादेशात मतलब भागात केलेल्या अभ्यासात तेवढ्यानेच कॉलरा जवळपास निम्म्यावर आला होता. पण साडी हे क्लोरीनला पर्याय नाही, आणि क्लोरीन हा रसायनांना पर्याय नाही, तेलाचा किंवा केमिकलचा वास असलेलं पाणी कशानेच पिण्यालायक करायच्या फंदात पडू नका.

मोजायचं कसं? गुलाबी रंग देणारं डीपीडी किट घ्या. पिवळा रंग देणारी ओटी चाचणी अजून सगळीकडे दिसते, नसल्यापेक्षा बरी, पण ते औषध हाताला लावून घेऊ नका आणि चाचणी केलेलं पाणी टाकून द्या. रोज तीन ठिकाणी मोजा: टँकर, नळ, आणि कोणत्याही चार-पाच कुटुंबांच्या हंड्यात. पुस्तकातला नियम नळावर लिटरमागे ०.२ ते ०.५ मिलिग्रॅम असा आहे. पण २०१३ मध्ये साउथ सुदानच्या छावण्यांत नळावरचं आणि नंतर घरात साठवलेल्या पाण्यातलं क्लोरीन मोजलं तेव्हा दिसलं की नळावर एवढंच ठेवलं तर काही तासांनी घरात पुरेसं उरत नाही, तिकडचं ऊन आणि उघडी भांडी यामुळे. म्हणून मी हंड्यावरून उलटं मोजतो, संध्याकाळी हंड्यात ०.२ सापडलं पाहिजे, त्यासाठी सकाळी नळावर जेवढं लागेल तेवढं, साधारण १ पर्यंत. त्याच्या वर गेलात की "औषधाचा वास येतो" म्हणून लोक पाणी टाकून देतात आणि बोअरवर जातात, मग तुमची सगळी मेहनत गटारात.

वासाची तक्रार हसण्यावारी नेऊ नका. वर्गातल्या दोन-तीन मावशींना सोबत घ्या, त्यांच्यासमोर चाचणी करा, रंग दाखवा. मावशींनी सांगितलेलं लोक ऐकतात, तुमचं टी-शर्ट बघून कोणी ऐकत नाही.

हंडा, झाकण, ओगराळं

प्रत्येक कुटुंबाला दोन भांडी लागतात, एक आणायला, एक साठवायला, दहा ते वीस लिटरची. पुरातून पळून आलेल्यांकडे भांडीच नसतात हे आपल्या लक्षात येत नाही, पाणी आहे पण न्यायला काही नाही. वाटपात ब्लँकेटच्या आधी झाकणाची, तोटी असलेली बादली द्या. मलावीतल्या एका निर्वासित छावणीत १९९३ मध्ये काही घरांना हात आत जाणार नाही अशी झाकणाची, तोटीची बादली दिली, पाणी तेच, बाकी सगळं तेच, आणि पाच वर्षांखालच्या मुलांमधले जुलाब ३१ टक्क्यांनी कमी झाले. तोटी नसेल तर निदान लांब दांड्याचं ओगराळं द्या, पेला बुडवला की बोटं बुडतात.

आणि कृपा करून निळे पिंप आणू नका. तुर्भे-रबाळे पट्ट्यात कंपन्यांमधून निघालेले स्वस्तात मिळतात, आधी आत काय होतं कोणाला माहीत नसतं, आणि कितीही धुतले तरी पिण्याच्या पाण्याला ते नाहीच.

जुलाब सुरू झाले तर

एका दिवसात तीन-चार जणांना पाण्यासारखे जुलाब झाले की वाट बघत बसायचं नाही, पालिकेच्या आरोग्य केंद्राला लगेच कळवा. जास्त अशक्त झालेल्याला १०८ बोलवा. तोपर्यंत ओआरएस. १९७१ मध्ये बांगलादेश युद्धाच्या वेळी बंगालमधल्या बनगाव इथे निर्वासितांमध्ये कॉलरा पसरला, सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर-मिठाचं हेच पाणी लोकांना प्यायला दिलं आणि त्यांच्याकडच्या रुग्णांमधलं मृत्यूचं प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास होतं ते चार टक्क्यांच्या खाली आलं. पण ओआरएस ज्या पाण्यात कालवताय ते क्लोरीनचं किंवा उकळलेलं पाहिजे, खळखळून उकळी आल्यावर निदान एक मिनिट.

कॉलऱ्याचा संशय असेल तर नळावरचं क्लोरीन १ मिलिग्रॅम आणि टँकर भरताना २, वास आला तरी चालेल, त्या दिवसांत लोकांना समजावणं हेच काम. आजारी पडलेल्या कुटुंबाचा हंडा पहिला तपासा, नंतर नळ, नंतर टाकी, असं मागे मागे जा, क्लोरीन कुठे गायब झालं ते सापडतं. पाण्याचे नमुने पालिकेच्या लॅबला पाठवा. पाण्यात जंतू आहेत का ते बघायची एच-टू-एसची बाटली असेल तर लावून ठेवा, पाणी काळं पडलं तर दूषित, पण त्याला एक-दोन दिवस लागतात, तोवर क्लोरीनवरच भरवसा.

रोजची वही

एक वही, टाकीशेजारी दोरीने बांधलेली. टँकर किती वाजता, कुठून, किती पावडर, अर्ध्या तासाने किती क्लोरीन, कोणाच्या हंड्यात किती, सही. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटो टाकायचा तर टाका पण वही पाहिजेच, कारण शिफ्ट बदलली की नवीन मुलाला वाटतं पावडर टाकलेली नाही आणि तो परत टाकतो, नाहीतर दोघांनाही वाटतं दुसऱ्याने टाकली. पावडरीच्या डब्याची जबाबदारी एका शिफ्टला एकाच माणसाकडे.

कॅम्प उठला की सगळे पांगतात, तेव्हा निदान दोघांनी मागे थांबा. टाक्या उपसून उलट्या करा, नाहीतर पावसाचं पाणी साठून शाळा सुरू व्हायच्या आधी डेंग्यूचे डास तयार. उरलेली पावडर बेसिनमध्ये ओतू नका, डब्यावर तारीख टाकून वॉर्ड ऑफिसला किंवा आरोग्य केंद्राला द्या. पंपाच्या बटणावरची टेप लगेच काढू नका, अंडरग्राउंड टाकी साफ झाल्याचं मुख्याध्यापकांनी स्वतः बघितल्यावरच काढा.